आमच्या अंगावर शिकलात, आता आमच्या गावात या

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. आणि वाचून झाल्यावर घरात खिडकीत, आरशामागं नाहीतर आंघोळीच्या दगडाजवळ पडलेली ती मलमाची अर्धी पिळलेली ट्यूब एकदा हातात घेऊन बघा.

आमच्याकडे पेपर टाकणारे एक काका आहेत. त्यांनी गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे, नाव सांगायची नाही. का नाही, ते पुढं कळेल. वीसेक वर्षं हा माणूस पहाटे साडेचारला एसटी स्टँडवर गठ्ठे सोडवतो आणि सात वाजायच्या आत गाव संपवतो. आम्ही रात्री जे लिहितो ते तुमच्या दारात टाकणारा माणूस.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हातावर कोपराच्या वर एक फिकट चट्टा आला. खाज नाही, दुखणं नाही. त्यांनी मेडिकलवाल्याला दाखवला. त्यानं काउंटरच्या पलीकडूनच बघितलं, "नायटा आहे" म्हणाला आणि ट्यूब दिली. ट्यूब संपली की दुसरी. ती संपली की तिसरी. मध्ये एकदा एका डॉक्टरलाही दाखवलं. त्यांनी कंपनी बदलली, मलम त्याच जातीचं. अशी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी काका ऑफिसात आले आणि करंगळी दाखवली. टपोरा फोड.

"काय झालं?"

"चहाचा ग्लास धरला होता भाऊ सकाळी. समजलंच नाही. संध्याकाळी घरची म्हणे, हे काय भाजलं?"

मी पत्रकार आहे, डॉक्टर नाही. पण भाजलेलं कळत नाही हे बरं लक्षण नाही, एवढी अक्कल होती. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात गेलो. केसपेपर, रांग, बाकडं, पुन्हा रांग. आत एक निवासी डॉक्टर मुलगी होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. डोळ्यांवरून रात्रभर झोप नसावी असं दिसत होतं. तिनं काकांना खिडकीजवळ उजेडात उभं केलं. शर्ट काढायला लावला. नुसता चट्टा नाही, पाठ, पोट, कानाच्या पाळ्या, सगळं अंग बघितलं. मग डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस लावते, जिथं लागेल तिथं बोट ठेवा काका." उजव्या हातावर काकांनी बरोबर बोट ठेवलं. डाव्या हातावरच्या चट्ट्यावर कापूस तीनदा फिरला. काका डोळे मिटून उभेच.

मग तिनं त्यांचं कोपर वाकवून मागच्या बाजूला बोटांनी काहीतरी चाचपलं. मला बोलावलं. "दादा, हात लावून बघा." चामडीखाली सुतळीसारखी जाड शीर लागत होती. ती नस होती. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तिनं काचपट्टीवर नमुना घेतला. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

कुष्ठरोग.

दोन वर्षांत दोन दुकानं, एक दवाखाना आणि किती ट्यूबा, देव जाणे. त्यांना जे कळलं नाही ते एका अर्धवट झोपेतल्या पोरीला पंधरा मिनिटांत कळलं. ती काही जादूगार नाही. तिला ते शिकवलेलं होतं. हा सगळा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

निकालाची वाट बघताना मी तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही तीन वर्षं नेमकं शिकता तरी काय?" ती हसली. म्हणाली, "पहिलं वर्ष तर नुसतं बघायलाच शिकतो."

खरं सांगा, स्किनचा डॉक्टर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? पिंपल्स. केस गळणं. गोरं करणं. लग्नाआधी चेहऱ्याला "ग्लो". आपल्याला वाटतं हा डॉक्टर म्हणजे पार्लरचा थोरला भाऊ. म्हणून जरा माहिती घेतली, ती तुमच्यासमोर ठेवतो.

आधी साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात त्वचारोगाच्या वाट्याला मोजून काही आठवडे. म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला चट्टा ओळखता आला नाही, तर सगळा दोष त्याचा नाही, त्याला तेवढंच शिकवलंय. मग नीट पीजी परीक्षा. त्यात पहिल्या फळीत आलेली पोरं ज्या जागा आधी उचलतात, त्यांत त्वचारोगाची जागा असते. मग तीन वर्षं एम.डी. आणि त्या पदवीचं पूर्ण नाव बघा: डर्मॅटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी आणि लेप्रसी. म्हणजे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. "ग्लो" हा शब्द पदवीत कुठंच नाही. कुष्ठरोग मात्र आहे.

या तीन वर्षांत ते काय करतात? चट्टा, पुटकुळी, फोड, गाठ, खवला यांचा आकार, कड, रंग आणि जागा बघून आजार ओळखायला शिकतात. नायट्याची शंका आली तर चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला शिकतात. कोपरामागची, गुडघ्याशेजारची, मानेवरची नस चाचपायला शिकतात. औषधाची भयंकर ॲलर्जी होऊन भाजल्यासारखी कातडी सोलवटून निघालेला रुग्ण वॉर्डात सांभाळतात. हे रुग्ण मरतात, मंडळी. कातडी गेली की माणूस जातो. सिफिलिस झालेल्या माणसाशी, एचआयव्ही असलेल्या बाईशी न लाजता आणि न लाजवता बोलायला शिकतात. लेसर, केसांचं रोपण, हेही शिकतात. शिकावंच. पण ते त्या शिक्षणाचं एक बोट आहे, पंजा नाही.

आता खरा प्रश्न. हे सगळं ते शिकतात कुणावर?

सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात सकाळी जाऊन एकदा रांग बघा. कापूस वेचणाऱ्या बाया, हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, धुणीभांडी करून बोटांच्या बेचक्या सडलेल्या मावश्या. ते कपडे काढून उभे राहतात. भोवती आठ-दहा विद्यार्थी. सर सांगतात, "हे बघा, इथली कड बघा." फोटो निघतात, कधी कधी त्यावर प्रबंध होतो. परीक्षेच्या दिवशी याच रांगेतला एखादा माणूस "केस" म्हणून तासन्‌तास बाकावर बसतो, आणि त्याच्या अंगावर एक डॉक्टर पास होतो. कुणी तक्रार करत नाही. उलट हात जोडतात. शिकलंच पाहिजे, त्याशिवाय डॉक्टर होणार कसे?

पण मग शिकून झालेले ते हात जातात कुठं?

पुण्यातल्या, नागपूरच्या, मुंबईच्या चांगल्या रस्त्यांवर. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर गोऱ्या बाईचा फोटो. ज्या बोटांनी कोपरामागची नस चाचपायची, ती बोटं दिवसभर चेहऱ्यावरची लव काढतात. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एम.डी. झालेल्याला एक वर्षाचं बंधपत्र आहे, मान्य. ते वर्षही किती जणांचं आपल्यासारख्या तालुक्यात जातं? आपल्या ग्रामीण रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ तुम्ही कधी बघितलात? मी वीस वर्षं या गावात बातम्या करतोय, मी बघितलेला नाही.

आणि ती रिकामी खुर्ची भरली कुणी? मेडिकलच्या काउंटरनं.

तुमच्या घरातल्या त्या ट्यूबवर वळतो. नाव काहीही असो, बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा आत तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टेरॉइड. क्लोबेटासॉल असेल, बीटामेथासोन असेल. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. आपण म्हणतो, "काय गुण आला!" आत बुरशी मजेत वाढत असते, कारण तिच्याशी लढणारी आपल्या कातडीची ताकदच स्टेरॉइडनं झोपवलेली असते. ट्यूब थांबवली की नायटा दुप्पट. पुन्हा ट्यूब. महिनोन्‌महिने हे चाललं की कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे चिरल्यासारखे पट्टे पडतात, चेहऱ्यावर लाली, पुरळ आणि केस येतात. नायट्याचं रूपच इतकं बदलतं की पुढच्या डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही.

घराघरात नायटा, हे आपल्याकडं आता सवयीचं झालंय. नवरा, बायको, पोरं, एकच टॉवेल. याच काळात आपल्या देशात बुरशीची एक जात अशी वाढली की नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळीला ती सहसा जुमानत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपला देश. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण सापडल्याची नोंद अमेरिकेनं केली. आपल्या देशातल्या असल्या मिश्र मलमांच्या बेफाम वापराचा यात हात आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत. त्यांच्या देशव्यापी संघटनेनं याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

कायदा झाला. आता आज संध्याकाळी चौकात जा आणि मागून बघा. चिठ्ठी कुणी मागितली तर मला कळवा, मी त्या दुकानदाराचा सत्कार करीन.

मेडिकलवाले माझे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे: "मी नाही दिलं तर शेजारचा देईल." खरं आहे. पण भेसळीचं दूधही शेजारचा विकतो म्हणून आपण विकतो का? आणि अन्न व औषध प्रशासन आमच्या तालुक्यात दिवाळीच्या मिठाईच्या वेळी तरी दिसतं. ट्यूबसाठी आलेलं मी बघितलं नाही.

आता स्वतःच्या घरात येतो, नाहीतर म्हणाल पत्रकार फक्त दुसऱ्याला झोडपतो.

मी ज्या पेपरात पहिली नोकरी केली, त्यात आतल्या पानावर रोज एक चौकट असायची. गुप्तरोग, पांढरे डाग, नायटा, गजकर्ण, गॅरंटीनं बरे. अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा. डिप्लोमा करताना आम्हाला १९५४ चा जादूटोणा औषधांच्या जाहिरातींचा कायदा शिकवला होता. त्याच्या यादीत पांढरे डाग, कुष्ठरोग, गुप्तरोग या सगळ्यांची नावं आहेत. त्यांच्या उपचाराची जाहिरात करता येत नाही, हे मला माहीत होतं. पहिल्या महिन्यात संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "तुझा पगार त्याच चौकटीतून निघतो." मी गप्प बसलो. बरीच वर्षं. काका तोच पेपर रोज वाटत होते. या पापात माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

आणि शेगावचं आठवा. डिसेंबर २०२४ च्या शेवटी, जानेवारीत, बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीनं गळायला लागले. आठवड्यात टक्कल. पुढं काहींची नखंही खराब झाली. आमच्या जमातीनं काय केलं? "टक्कल व्हायरस" म्हणून मथळे दिले. कुणी शाम्पूला धरलं, कुणी पाण्याला. सुरुवातीला बुरशीचा संशय आला, पाण्यात नायट्रेट जास्त सापडलं, मग आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. त्यावर वाद झाले, होऊ देत. मुद्दा असा की कातडी, केस आणि नखं या शरीराच्या खिडक्या आहेत. आत काय बिघडलंय ते तिथं आधी दिसतं. तिथं बघायला शिकलेला माणूस तालुक्यात पहिल्या दिवशीच असता, तर पहिला आठवडा अफवांच्या हाती गेला नसता. त्या गावातल्या पोरींच्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आम्हीच छापल्या. त्या आठवड्याची किंमत त्यांनी मोजली.

कुष्ठरोगाचंही तेच. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आलं. आपण "निर्मूलन झालं" असं ऐकलं आणि विसरून गेलो. जगात दरवर्षी जितके नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून जास्त आजही भारतात सापडतात. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, तिथं आजाराचं नाव घ्यायला काका घाबरतात. का घाबरू नये? २०१९ पर्यंत या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं! औषध फुकट आहे, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायचं असतं, सुरू केलं की थोड्याच दिवसांत माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. तरी नाव निघालं की लोक चहाचा कप वेगळा काढतात.

आता डॉक्टरांचं म्हणणं. काही तरुण त्वचारोगतज्ज्ञ मित्रयादीत आहेत, ते कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच लिहितो. "तालुक्यात येऊन खायचं काय? कर्ज कोण फेडणार? लेसर करणं गुन्हा आहे का?" नाही, अजिबात गुन्हा नाही. उलट तुम्ही करत नाही तिथं कोण करतंय ते बघा. पार्लरवाल्या ताई मशिन लावून बसल्यात. कुणीही केस लावून देतंय. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की यूट्यूबवर बघून किंवा एखाद्या वर्कशॉपला बसून केस रोपण करता येत नाही! गोरेपणाच्या क्रीमचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम भागात अशा क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्या क्रीममध्ये पारा होता. आमच्याकडच्या आठवडी बाजारात बिनलेबलच्या डब्या मिळतात, त्यांत काय आहे कुणी तपासलंय?

तेव्हा चेहऱ्याचं कामही शिकलेल्याच माणसानं करावं. माझं भांडण तुमच्याशी नाही, वाटणीशी आहे. आमच्या रांगेनं तुम्हाला डोळे दिले. त्या डोळ्यांचा थोडा वाटा आमच्याकडं परत यावा. आठवड्याचे सातही दिवस नकोत, एक दिवस द्या.

नुसती ओरड नको, मागण्या लिहितो. आमदार, खासदार, जिल्हा शल्यचिकित्सक, सगळ्यांना टॅग करतोय.

१. एम.डी. करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं आता नियमानं बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयापर्यंत आलेल्या या त्वचा विभागाच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा. जीप आहे, रस्ता आहे, खुर्ची रिकामी आहे.

२. ग्रामीण रुग्णालयात टीबीची थुंकी आणि मलेरियाचं रक्त तपासायला सूक्ष्मदर्शक आहे, तंत्रज्ञ आहे. त्याच यंत्रावर नायट्याची खपली तपासता येते. लागतं काय? एक काचपट्टी आणि एक थेंब. तेवढं शिकवा.

३. अन्न व औषध प्रशासनानं तालुक्यात एकदा तरी फक्त स्टेरॉइड मलमांची तपासणी करावी आणि निकाल जाहीर करावा. आम्ही पहिल्या पानावर छापू.

४. आम्ही पत्रकार. गॅरंटीवाल्या चौकटी बंद. मी माझ्यापुरतं लिहून देतो. तालुका पत्रकार संघाच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडणार आहे. कोण पाठिंबा देतो आणि कोण खाली बघतो, तेही इथंच लिहीन.

५. आणि तुम्ही. "मेडिकलवाल्याला विचारून घे" हे वाक्य घरात बंद करा. फिकट चट्टा असेल, खाज नसेल, तिथं स्पर्श कळत नसेल तर घरी आलेल्या आशाताईंना दाखवा. कुष्ठरुग्ण शोधायला त्या दारी येतात तेव्हा "आमच्याकडं तसलं काही नाही" म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नका. काकांच्या घरानं तेच केलं होतं.

काकांचं काय झालं? औषधाचा कोर्स वर्षभर चालला, पूर्ण झाला. नस वाचवायला त्या मुलीनं काही महिने स्टेरॉइडच्याच गोळ्या दिल्या, मोजून, दर भेटीला हात तपासून, हळूहळू कमी करत. तेच औषध. काउंटरवरून आलं तेव्हा आजार झाकला, शिकलेल्या हातातून आलं तेव्हा हात वाचवला. पूर्ण नाही वाचला. करंगळी आणि शेजारचं बोट अजून सरळ होत नाही. दोन वर्षं आधी गेलो असतो तर कदाचित झालं असतं.

पेपर ते अजून टाकतात. गठ्ठ्याची सुतळी आता उजव्या हातानं आणि दातानं सोडतात. उद्या सकाळी तुमच्या दारात पेपर पडेल तेव्हा एवढं आठवा.

ती निवासी डॉक्टर मुलगी आता एम.डी. झाली असेल. कुठं आहे माहीत नाही. ताई, ही पोस्ट फिरत फिरत तुमच्यापर्यंत आली तर सांगतो, आमच्या ग्रामीण रुग्णालयातली सहा नंबरची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे. सकाळचा उजेड चांगला येतो, चट्टा बघायला पुरेल एवढा.

शेअर करा. नाव लावा, नका लावू, पण पुढं पाठवा.